जुन्या नेट-डोंगलचा ड्रायव्हर घरच्या कॉम्प्युटरमधून समूळ काढायचा आहे (विंडोज १०)

काळी_माती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात राहतो. घरी एक डेस्कटॉप आहे, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे त्यावरच विंडोज १० चढवलं. फॉरमॅट कधीच मारलेला नाही. तूर-कपाशीचा हिशेब, सातबारा काढणं, मुलीचे एमपीएससीचे क्लास, सगळं त्याच्यावरच चालतं.

मुलीने विंडोज सिक्युरिटी उघडून डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन 'मेमरी इंटेग्रिटी' (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी सोय) चालू करायला घेतली. ती चालू होत नाही. 'विसंगत ड्रायव्हर' अशी यादी दाखवते. त्यातली सगळी नावं एका जुन्या यूएसबी नेट-डोंगलची आहेत. गावात नेट म्हणजे तो डोंगलच होता तेव्हाची गोष्ट. लांब वायर लावून तो खिडकीच्या गजाला बांधून ठेवायचो, तेव्हा कुठे रेंज यायची. डोंगल केव्हाच मोडला, कंपनीने ती सेवाही बंद केली.

कंट्रोल पॅनेलमधून त्याचा प्रोग्राम काढून झाला. तरी यादी जशीच्या तशी. फॉरमॅट न मारता हे काढता येईल का?

उंटावरचा_शहाणा

फॉरमॅट मारा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, वर्षानुवर्षांचा कचरा एकदाच निघून जाईल.

काळी_माती

दादा, फॉरमॅट मारला की प्रिंटरची सीडी शोधा, सासऱ्यांचे जुने मराठी फॉन्ट शोधा, हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून घ्यायला माणूस शोधा. आणि आमच्याकडे नेट म्हणजे फोनचा डेटा. विंडोज उतरवून वरून अपडेट घ्यायला किती पॅक मारावे लागतील देव जाणे. ते टाळायचं म्हणूनच धागा काढला.

सिंगल_फेज

ताई, फॉरमॅटची काही गरज नाही. अडचण काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या आज्ञा डोळे मिटून टाकाव्या लागणार नाहीत.

तुम्ही काढला तो डोंगलचा प्रोग्राम, म्हणजे 'कनेक्ट' बटणाची ती रंगीत खिडकी. ड्रायव्हर ही वेगळी वस्तू आहे, विंडोजला यंत्राशी बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये कोणतंही यंत्र बसवताना त्याच्या ड्रायव्हरचं अख्खं पॅकेज आधी एका कोठारात ठेवलं जातं आणि तिथून बसवलं जातं. कोठाराचा पत्ता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी. प्रोग्राम काढणारे बहुतेक अनइन्स्टॉलर या कोठाराकडे फिरकतच नाहीत. तुम्ही ७ वरून थेट १० वर गेलात, तेव्हा कोठारातला मालही सोबत आला. मेमरी इंटेग्रिटी चालू करताना विंडोज तोच माल तपासतं आणि नवीन नियमात न बसणारं काही दिसलं की नकार देतं.

डोंगलच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. तो जोडला की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा, आठवतं? त्या खोट्या सीडीत त्याचं सॉफ्टवेअर असायचं. ते बसलं की तोच डोंगल मॉडेम व्हायचा, सोबत दोन-तीन कॉम पोर्ट (सीरियल जोडणीचे दरवाजे) आणि कधी एक नेटवर्क ॲडॉप्टरही उभा करायचा. म्हणजे एका डोंगलची पॅकेजेस एकाहून जास्त निघतील. एक काढून थांबू नका.

आता कृती. आज्ञा इथल्या शिरस्त्याप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाकताना रोमनमध्ये टाका. मुख्य आज्ञेचं स्पेलिंग पी-एन-पी-यू-टी-आय-एल, सलग.

आधी रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) करा. विंडोज १० मध्ये सिस्टिम प्रोटेक्शन पुष्कळदा बंदच असतं, त्यामुळे सी ड्राइव्हसाठी ते चालू आहे ना बघा आणि मगच पॉइंट बनवा. हे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', आणि ही ओळ:

पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स > डी:\यादी.टीएक्सटी

डी ड्राइव्हवर एक यादी तयार होईल, ती नोटपॅडमध्ये उघडा. बाहेरून आलेला प्रत्येक ड्रायव्हर इथे दिसेल: ओईएम आणि एक आकडा असलेलं प्रकाशित नाव, मूळ नाव, कंपनी, वर्ग, तारीख आणि आवृत्ती. विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हर या यादीत येतच नाहीत, त्यामुळे चुकून त्यांना हात लागायची भीती नाही. डोंगलच्या कंपनीचं नाव असलेल्या सगळ्या नोंदी वेगळ्या लिहून काढा आणि मेमरी इंटेग्रिटीच्या यादीशी ताडून बघा.

एक सावधगिरी. हा ओईएमचा आकडा प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा असतो. मी उदाहरणात २३ लिहिलं म्हणून तुम्ही २३ काढाल, तर तुमच्याकडे तो कदाचित साउंडचा निघेल.

सध्या काहीही काढू नका. यादीतल्या डोंगलच्या नोंदी इथे टाका.

नवीन_सभासद_०७

एवढं कशाला? नेटवर ड्रायव्हर क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर फुकट मिळतात. एक क्लिक, सगळं साफ.

सिंगल_फेज

असली सॉफ्टवेअर पंचवीस 'धोकादायक जुने ड्रायव्हर' दाखवून घाबरवतात आणि शेवटी पैसे मागतात. शिवाय सोबत दोन नवे पाहुणे बसवून जातात. विंडोजमध्ये हे काम करणारं अवजार आधीच आहे, तेही फुकट. या धाग्यावर तो विषय नको.

काळी_माती

यादी निघाली. डोंगलच्या कंपनीच्या चार नोंदी आहेत: एक 'मोडेम' वर्गातली, एक 'पोर्ट्स', एक 'नेट' आणि एक 'यूएसबी'. तारखा २००९ आणि २०१० च्या. मेमरी इंटेग्रिटीच्या यादीतली नावंही हीच.

'नेट' वर्गातली काढायला भीती वाटते. आम्ही फोन यूएसबीने जोडूनच नेट वापरतो. ते गेलं तर दुरुस्तीचं विचारायलाही नेट राहायचं नाही.

सिंगल_फेज

चांगला प्रश्न. अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगने जोडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो 'रिमोट एनडीआयएस' नावाने येतो. त्याचा ड्रायव्हर विंडोजचा स्वतःचा, म्हणून तो तुमच्या यादीत नसणारच. डोंगलची 'नेट' नोंद फक्त डोंगलपुरती आहे. तरी मन मानत नसेल तर काढायच्या आधी फोन जोडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ॲडॉप्टरच्या ड्रायव्हर टॅबमध्ये पुरवठादार कोण लिहिलाय ते वाचा. मायक्रोसॉफ्ट दिसलं की निश्चिंत.

आता चारही पॅकेजेसची प्रत काढून ठेवा. डी ड्राइव्हवर जुने नावाचं फोल्डर करा आणि प्रत्येकासाठी:

पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर ओईएम२३.आयएनएफ डी:\जुने

(२३ च्या जागी तुमचा आकडा. आयएनएफ म्हणजे ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल.) काही बिनसलंच तर या प्रतीवरून ॲड-ड्रायव्हर आज्ञेने परत बसवता येतं.

मग डिव्हाइस मॅनेजर. 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' करा. फिकट, राखाडी दिसतात ती सध्या न जोडलेली यंत्रं. (विंडोज ७ मध्ये यासाठी आधी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टाकावं लागायचं, ते दुखणं ८ पासून गेलं.) मोडेम, पोर्ट्स, नेटवर्क, सीडी ड्राइव्ह या फांद्यांमध्ये डोंगलच्या राखाडी नोंदी सापडतील. उजवी क्लिक, अनइन्स्टॉल. 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढा' अशी चौकट दिसली तर खूण करा, दिसली नाही तर काळजी नको, पुढच्या आज्ञेत ते होतंच.

उंटावरचा_शहाणा

यापेक्षा सोपं: सिस्टिम३२ च्या ड्रायव्हर्स फोल्डरात जा, त्या नावाची .सिस फाइल डिलीट करा. फाइलच नाही तर ड्रायव्हर कुठला?

हिंगणघाटी

हे मात्र कोणी करू नका. मी दुकानात हेच निस्तरत असतो.

ड्रायव्हरची फाइल गेली तरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, तिची नोंद राहते. बाकी काही नसेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एक लाल ओळ येऊन भागतं. पण तो ड्रायव्हर 'फिल्टर' असेल, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरच्या वर किंवा खाली बसणारा, तर रजिस्ट्रीत त्या यंत्राच्या वर्गाखाली अपरफिल्टर्स किंवा लोअरफिल्टर्समध्ये त्याचं नाव असतं. विंडोज ते यंत्र चालू करताना फिल्टरची फाइल शोधतं, सापडत नाही, आणि यंत्रच बंद ठेवतं. सीडी ड्राइव्ह 'माय कॉम्प्युटर'मधून अचानक गायब, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १९ किंवा ३९, यामागे पुष्कळदा हेच असतं. कोण्या जुन्या सीडी-रायटिंग सॉफ्टवेअरचा फिल्टर अर्धवट काढलेला. कीबोर्डच्या वर्गात असं झालं तर लॉग-इनला पासवर्डही टाकता येत नाही, मग गिऱ्हाईक सीपीयू मोटरसायकलवर बांधून आणतं.

पीएनपीयूटिलने काढलं तर नोंदही रीतसर निघते. वेळ तेवढाच लागतो.

काळी_माती

डिव्हाइस मॅनेजर उघडलं आणि बघतच राहिले. नेटवर्कच्या फांदीत रिमोट एनडीआयएसच्या राखाडी नोंदींची रांगच आहे, एकापुढे #२, #३ असे आकडे. पोर्ट्समध्येही तसंच. हे काय आहे? सगळं काढू का?

सिंगल_फेज

घरातल्या ज्याने ज्याने आपला फोन जोडून नेट वापरलं, त्या प्रत्येकाची ती हजेरी आहे. पाहुण्यांचे फोनही त्यात असतील. फोन बदलला की नवी नोंद, जुनी तशीच. अपायकारक नाहीत. राखाडी असतील त्या काढल्या तरी चालतं, तोच फोन पुन्हा जोडला की नोंद परत होईल. पण तुमच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. आज डोंगलच्या तेवढ्याच काढा, नाहीतर उद्या काही बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही.

वजनकाटा

कॉम पोर्टचा विषय निघालाच आहे म्हणून. वरुडकडे आमचा संत्र्याचा व्यवसाय, इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-सीरियल केबलने कॉम्प्युटरला जोडलेला. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, ते कॉम१ ते कॉम४ एवढेच पोर्ट ओळखतं. डोंगलच्या राखाडी पोर्टांनी ते आकडे अडवून ठेवलेले, केबलला मिळायचा कॉम९. राखाडी नोंदी काढल्यावर केबलच्या पोर्ट सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन कॉम३ दिला, काटा बोलायला लागला.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. 'जुना ड्रायव्हर म्हणजे वाईट' असं धरून चालू नका. त्याच केबलमधली चिप जुनी. तिच्या कंपनीने नवा ड्रायव्हर आणला तो जुनी चिप ओळखायलाच तयार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाचा मजकूर. ऐन आंबिया बहाराच्या तोडीत! माल उभा, गाड्या उभ्या, आणि काटा मुका.

मला उलट नवा ड्रायव्हर काढून जुना ठेवावा लागला. विंडोज जुळणाऱ्या ड्रायव्हरांमधून निवड करतं, बाकी सगळं सारखं असेल तर नव्या तारखेचा जिंकतो. म्हणून नुसता जुना बसवून भागत नाही, नव्याचं पॅकेज कोठारातून काढावंच लागतं. मग 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक' आणि यादीतून जुनी आवृत्ती निवडायची. शेवटी सिस्टिमच्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' केलं, नाहीतर विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर परत आणून बसवतं.

सिंगल_फेज

वजनकाटा भाऊंशी पूर्ण सहमत. नियम वयाचा नाही, वापराचा आहे. यंत्र वापरात असेल आणि जुन्यावरच चालत असेल तर जुना ठेवा. यंत्रच नसेल तर नवाकोरा ड्रायव्हरही अडगळ.

मोहफूल

गडचिरोलीकडून राम राम. मी पण डिव्हाइस मॅनेजर उघडून बसलोय. माझ्याकडे तर निम्म्याहून जास्त ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६! कीबोर्ड, डिस्क, यूएसबी, सगळे. लॅपटॉप २०१९ चा आहे. हे सगळे कालबाह्य ना? आणि दोन-तीनवर १८ जुलै १९६८ लिहिलंय, तेव्हा तर माझे वडील शाळेत होते.

हिंगणघाटी

थांबा थांबा, काही काढू नका!

२१ जून २००६ ही मायक्रोसॉफ्टने मुद्दाम घातलेली तारीख आहे. विंडोजसोबत येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर ती सरसकट असते, ड्रायव्हर कालच्या अपडेटमध्ये आलेला असला तरी. कारण वजनकाटा भाऊंनी सांगितलं तेच, नव्या तारखेचा जिंकतो. विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरने आपली खरी तारीख लावली, तर तुमच्या यंत्राच्या कंपनीने खास त्या यंत्रासाठी दिलेला ड्रायव्हर प्रत्येक अपडेटनंतर मागे पडेल. म्हणून मायक्रोसॉफ्ट स्वतःला मुद्दाम जुनं दाखवतं. खरी नजर टाकायची ती आवृत्तीच्या आकड्यावर.

१८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. चिपसेटच्या फाइलींवर ते हीच तारीख घालतात, हेतू तोच. त्या फाइलींत बहुतेक वेळा ड्रायव्हरही नसतो, फक्त यंत्राला बरोबर नाव देण्यापुरती माहिती असते.

मोहफूल

बरं झालं विचारलं. माऊस क्लिकवरच होता.

बाप्पा_रे

काहो भाऊ, माह्या घरी तं उलटंच होऊन रायलं. जुना प्रिंटर पोरानं भंगारवाल्याले देऊन टाकला, पन कम्प्युटरमधून काही जाऊन नाई रायला. काढला का रिस्टार्ट केल्यावर पुन्हा हजर! नवा घेतला, त्याले प्रिंट देली तं ते जुन्याकडेच जाते अन् रांगेत बसून रायते. पोरगं म्हनते नवाच खराब निघाला. काय कराव?

सिंगल_फेज

नवा खराब नाही, काका. प्रिंटरचं प्रकरण बाकी यंत्रांपेक्षा थोडं वेगळं. तिथे रांग, ड्रायव्हर आणि पॅकेज असे तीन थर असतात आणि तुम्ही फक्त वरचा थर काढताय. शिवाय अडकलेलं प्रिंट रांगेत असेपर्यंत तो थरही नीट सुटत नाही.

सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी 'नेट स्टॉप स्पूलर' (स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा). मग सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं प्रिंटर्स हे फोल्डर उघडून आतल्या फाइली पुसा, फोल्डर राहू द्या. मग 'नेट स्टार्ट स्पूलर'. आता सेटिंग्जमधून जुना प्रिंटर काढा.

त्यानंतर प्रिंटयूआय /एस /टी२ ही आज्ञा. ड्रायव्हरांची यादी असलेली खिडकी उघडते. जुन्याचं नाव निवडून 'रिमूव्ह', आणि विचारेल तेव्हा 'ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही' हा पर्याय. 'ड्रायव्हर वापरात आहे' म्हणून अडलं तर स्पूलर पुन्हा बंद-चालू करून लगेच ही खिडकी उघडा, त्या फटीत निघतो.

आणि सेटिंग्जमध्ये 'विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या' अशी खूण असेल तर ती काढा. नवा प्रिंटर हाताने डिफॉल्ट करा. तुमची प्रिंट जुन्याकडे जाते त्याचं कारण बहुधा एवढंच आहे.

पुसदकर_पुण्यात

मला एक मूलभूत शंका. डोंगल जोडलेलाच नाही, म्हणजे ड्रायव्हर मेमरीत चढतही नाही. कोठारात पडलेल्या चार फाइलींनी नुकसान काय? जागा तर काही एमबी. मेमरी इंटेग्रिटीचा हट्ट सोडला तर हा सगळा खटाटोप व्यर्थ नाही का? (लिनक्स टाका असं म्हणणार होतो, पण जोडे खायचे नाहीत.)

हिंगणघाटी

बहुतांश बरोबर. पडून असलेल्या ड्रायव्हरने कॉम्प्युटर हळू होत नाही, तसं कोणी सांगत असेल तर ते खोटं.

पण ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. त्यात भोक असेल तर त्यातून आत शिरणाऱ्याला अँटिव्हायरससुद्धा अडवू शकेलच असं नाही. ताजं उदाहरण देतो. विंडोजसोबत एजीअर कंपनीच्या फॅक्स-मोडेमचा एक ड्रायव्हर वर्षानुवर्षं येत होता, एलटीएमडीएम६४.सिस. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त न करता विंडोजमधून सरळ काढूनच टाकला. त्यातली एक त्रुटी, सीव्हीई-२०२५-२४९९०, साध्या वापरकर्त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळवून द्यायची आणि हल्लेखोर ती प्रत्यक्ष वापरत होते. मोडेम जोडलेला नसला, कधी नव्हताच, तरी त्या कॉम्प्युटरवर ही त्रुटी वापरता येत होती. मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट लिहिलं की त्यावर चालणारे फॅक्स-मोडेम या अपडेटनंतर चालणार नाहीत.

ताईंच्या डोंगलच्या ड्रायव्हरात असं काही आहे असं मी म्हणत नाही. पण २०१० नंतर ज्याला कोणी हात लावला नाही, अशी वस्तू गाभ्याच्या दारात कशाला ठेवायची?

पुसदकर_पुण्यात

पटलं. ऑफिसातल्या एकाचा फॅक्स त्याच सुमारास बंद पडला होता. तो अजून लाइनला शिव्या देतोय.

काळी_माती

डोंगलच्या राखाडी नोंदी काढल्या. आता पीएनपीयूटिलने पॅकेज काढतेय. आज्ञा दिली:

पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम१४.आयएनएफ

'पोर्ट्स' आणि 'नेट' लगेच गेले. 'मोडेम'ला नकार: या आयएनएफने एक किंवा अधिक यंत्रं सध्या बसवलेली आहेत, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. मुलगी म्हणते नेटवर /फोर्स लावा असं लिहिलंय. लावू का?

सिंगल_फेज

/फोर्स एवढ्यात नको. ते 'विचारू नको, काढ' असं आहे. आधी तिच आज्ञा शेवटी /अनइन्स्टॉल लावून द्या. त्याने ज्या नोंदी त्या ड्रायव्हरला धरून बसल्यात त्या आधी सुटतात, मग पॅकेज निघतं. बहुधा मोडेमची एखादी राखाडी नोंद नजरेतून सुटली असेल.

आणि लाइटचं बघून करा. ही आज्ञा काही सेकंदांची, पण नेमकी तेव्हाच वीज गेली तर रजिस्ट्री अर्धवट लिहिली जायची शक्यता असते. तुमच्याकडे दुपारी भारनियमन असेल तर सकाळी करा, किंवा इन्व्हर्टरवर. माझं नाव उगाच सिंगल फेज नाही.

काळी_माती

/अनइन्स्टॉलने मोडेम गेला, 'यूएसबी'ही त्यापाठोपाठ. /फोर्सची गरज पडली नाही. रिस्टार्ट केलं, फोन जोडला, नेट चालू. प्रिंटर चालू. मेमरी इंटेग्रिटीची यादी रिकामी आहे आणि बटण चालू झालं!

एकच. चालू केल्यापासून कॉम्प्युटर जड वाटतोय. क्लासचा व्हिडिओ सुरू असताना एक्सेल उघडलं की अडकतं. मनाचे खेळ आहेत का?

हिंगणघाटी

मनाचे खेळ नाहीत. मेमरी इंटेग्रिटीला प्रोसेसरची एक खास सोय लागते. इंटेलमध्ये ती सातव्या पिढीपासून, म्हणजे केबी लेकपासून आहे, एएमडीत झेन २ पासून. तुमचा आय-थ्री दुसऱ्या पिढीचा, त्यात ती सोय नाही, म्हणून विंडोज तेच काम सॉफ्टवेअरमधून करतं आणि प्रोसेसरवर भार येतो.

माझं मत विचाराल तर या मशीनवर ती बंदच ठेवा. ड्रायव्हर काढला ते चांगलंच झालं, ते काम वाया गेलेलं नाही. पण रोज मुलीचा क्लास अडकत असेल तर हे बटण चालू ठेवण्यात अर्थ नाही.

त्याहून महत्त्वाचं: विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले आहेत, त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की पैसे पडत नाहीत. ती नोंदणी झाली नसेल तर आधी ती करा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे या मशीनवर तो रस्ता नाही.

सिंगल_फेज

+१. मेमरी इंटेग्रिटी बंद, वाढीव अपडेट चालू.

काळी_माती

बंद केली, क्लास सुरळीत. नोंदणीचं पान सापडलं, मुलगी करतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. डी ड्राइव्हवरच्या त्या 'जुने' फोल्डरातल्या प्रती कायमच्या ठेवू का?

सिंगल_फेज

महिनाभर ठेवा. तोपर्यंत काही अडलं नाही तर पुसून टाका. पेनड्राइव्हवर हलवून जपून ठेवायला बघाल, तसं करू नका.

बाप्पा_रे

भाऊ, प्रिंटर गेला! रांगेतून तेरवीची पत्रिका, वीजबिल अन् पोराची हॉलतिकिटं निंगाली, सारी नव्या प्रिंटरवर काढली. हॉलतिकिटाची परीक्षा तं मागच्याच हप्त्यात होऊन गेली. आता माऊसचं इचारतो, पन त्याचा धागा येगळा काढतो.